वृद्ध व व्याधिग्रस्त अश्वाचा देहभार : मुळशी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

घोड्याचे तोंड उघडून दातांवरून त्याचे वय ठरविण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु ती चौकशी बहुधा जनावर विकत घेताना होते. दातांवरून वय सांगता येऊ नये इतके ते म्हातारे झाले, म्हणजे चौकशीही संपते. शालिहोत्राच्या नावावर चालणारे ग्रंथ, नकुलाची अश्वचिकित्सा, जयदत्ताचे अश्ववैद्यक या जुन्या वाङ्मयात अश्वाची लक्षणे, आहार व व्याधी यांचा विचार आहे. पण त्याचा रोख मुख्यतः रणात किंवा वाहनास उपयोगी पडणाऱ्या अश्वाकडे आहे. यात नवल नाही. काम थांबल्यावर घोड्याने दहा-पंधरा वर्षे जगावे, ही कल्पनाच त्या काळच्या पागेला परवडणारी नव्हती. आज दातांची निगा, जंतनाशके, लसी व प्रतिजैविके यांच्या योगाने पंचवीस-तीस वर्षांचा घोडा ही दुर्मिळ वस्तू राहिलेली नाही, आणि त्याबरोबरच एक वेगळा प्रश्न उभा राहिला आहे. जुनाट व्याधी जडलेल्या वृद्ध घोड्याचे वजन कसे राखावे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्याची हवा, वैरण व तेथील प्रघात डोळ्यांपुढे ठेवून करावयाचा आहे.

पुणे परिसरात म्हातारे घोडे येतात कोठून, हे प्रथम पाहिले पाहिजे. पहिला उगम शर्यतीचे मैदान हा होय. शर्यतीचा घोडा आठ-दहा वर्षांचा होण्यापूर्वीच बहुधा निवृत्त होतो, म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अजून शिल्लक असतो. दुसरा उगम प्रतिविष व प्रतिरक्षी लशी तयार करण्यासाठी पाळलेले घोडे. मुंबईच्या हाफकिन संस्थेची परंपरा या कामात जुनी असून तिच्यातून पुढे निघालेल्या महामंडळाचे असे घोडे पिंपरीस होते. पूनावाला घराण्याच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे हाफकिनला दिले जात व त्यातूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना रुजली, ही हकीकत पुण्यात सर्वांस ठाऊक आहे. तिसरा उगम म्हणजे लग्नाच्या वरातीचे व पर्यटकांना फिरविणारे घोडे. चौथा, आणि प्रादेशिक दृष्ट्या सर्वांत आपला, म्हणजे भीमेच्या थडीचा तो लहान चणीचा, काटक भीमथडी घोडा. मराठी घोडदळाशी त्याचे नाव निगडित आहे. आज तो मुख्यतः धनगरांच्या तांड्यांबरोबर ओझी वाहताना दिसतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०२३-२४ च्या सुमारास त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. या चारही प्रकारचे घोडे गेल्या काही दशकांत मुळशीकडील शेतघरांवर व अश्वारोहण शिकविणाऱ्या ठिकाणी उतारवयात येऊन राहू लागले. त्यांना आणणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. हिरवागार डोंगर, भरपूर पाणी आणि मोकळे रान पाहून येथे म्हातारा घोडा सुखाने राहील, असे कोणासही वाटावे. परंतु हे अनुमान तितकेसे सरळ नाही.

वार्धक्याची पहिली खूण दातांत दिसते. घोड्याच्या दाढा माणसाच्या दाढांसारख्या एकदा उगवून थांबत नाहीत. हिरडीखाली दडलेला त्यांचा उंच भाग वर्षाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर या गतीने वर सरकत राहतो आणि तितकाच भाग वैरण दळताना झिजतो. म्हणजे दाढ ही एक मर्यादित ठेव आहे. पंचविशीच्या आसपास ती संपू लागते. काही दाढा गुळगुळीत होतात, काही पडतात, पडलेल्या दाढेसमोरची दाढ झिजेअभावी लांबून हिरडीला टोचते. असा घोडा गवत तोंडात घेतो, बराच वेळ चघळतो आणि शेवटी ओला बोळा खाली टाकतो. तबेल्याच्या जमिनीवर असे बोळे दिसले किंवा लिदीत सेंटिमीटरहून लांब अशा न दळलेल्या काड्या दिसल्या, तर घोड्यापुढे कितीही वैरण टाकली तरी ती त्याच्या अंगी लागत नाही, असे समजावे. मुळशीत यात एक स्थानिक भर पडते. येथील डोंगरउतारांवर पवन्या, शेडा, मारवेल यांच्या जोडीने कुसळी गवतही भरपूर आहे. दिवाळीच्या सुमारास ते पिकले म्हणजे त्याची कुसळे घोड्याच्या ओठांत, जिभेखाली व हिरड्यांत रुततात. तरुण घोडा हे निभावून नेतो. दाढा हललेल्या म्हाताऱ्या घोड्याचे खाणेच त्यामुळे आठ-पंधरा दिवस बंद पडू शकते. म्हणून वर्षातून दोनदा दातांची तपासणी, आणि त्यांपैकी एक पावसाळा संपताच, हा नियम येथे विशेष अगत्याचा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. 'वजन' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. काट्यावर दिसणारी संख्या ही स्नायू, चरबी, हाडे, आतड्यांतील चारा आणि पाणी या सर्वांची बेरीज असते, आणि वृद्ध घोड्याच्या बाबतीत या बेरजेतील पदे परस्परविरुद्ध दिशांनी सरकत असतात. पाठीचे व पुठ्ठ्यांचे स्नायू ओसरून कणा उघडा पडलेला, पोट मात्र ओघळलेले आणि आयाळीखाली चरबीचा टणक कंगोरा असे चित्र नेहमी दिसते. मालक पाठीकडे पाहून घोडा वाळला म्हणतो व चंदी वाढवितो; शेजारी पोटाकडे पाहून घोडा सुटला म्हणतो व ती कमी करावयास सांगतो. दोघेही अर्धेच पाहत असतात. १९८३ साली अमेरिकेत हेनेक व त्यांचे सहकारी यांनी मान, वाघरी, खांद्याची मागील बाजू, बरगड्या, पाठ व शेपटीचे मूळ अशा सहा ठिकाणी चरबी चाचपून १ ते ९ गुण देण्याची पद्धती रूढ केली. ती उपयुक्त आहे, परंतु ती चरबी मोजते, स्नायू नव्हे. म्हणून वृद्ध घोड्याच्या बाबतीत पाठीच्या स्नायूंची नोंद वेगळी ठेवणे अवश्य आहे. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

घोडा तोलण्याचा काटा मुळशीतील शेतघरावर असणार नाही. त्याची उणीव शिंप्याची टेप पुष्कळशी भरून काढते. वाघरीच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे, म्हणजे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. एखाद्या लहान चणीच्या घोड्याचा घेर १५० व लांबी १३० सेंटिमीटर असली, तर हे वजन सुमारे २४६ किलो येईल. आता घेर केवळ ६ सेंटिमीटरने घटून १४४ झाला, तर उत्तर २२७ किलो येते. म्हणजे १९ किलो, अथवा एकूण वजनाच्या जवळजवळ ८ टक्के, गेले. आणि केसाळ घोड्याच्या अंगावर सहा सेंटिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. सूत्राचे उत्तर पाच-दहा टक्क्यांनी चुकू शकते, हे खरे. परंतु एकाच माणसाने, त्याच टेपने, सकाळी चंदीपूर्वी, दर पंधरा दिवसांनी घेतलेली मापे एकमेकांशी ताडून पाहिली असता दिशा निश्चितपणे कळते. आणि येथे दिशाच महत्त्वाची आहे.

वजन घटताना आढळले की पुष्कळदा 'म्हातारपण' हे निदान करून विषय संपविला जातो. माझ्या मते हे निदानच नव्हे. निरोगी वृद्ध घोडा, त्याला दळता येईल असा चारा मिळाल्यास, अंग धरून राहू शकतो. तेव्हा घट का होते याचा शोध क्रमाने घेतला पाहिजे, आणि तो क्रम परदेशी ग्रंथांतून जसाच्या तसा उचलता येत नाही. दात व जंत यांच्यानंतर त्या ग्रंथांत बहुधा लगेच अंतःस्रावांच्या विकारांचा विचार येतो. आपल्याकडे त्याआधी रक्त पाहिले पाहिजे. सर्रा हा रोग ज्या परजीवीमुळे होतो तो ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माइल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात शोधून काढला. या उपखंडात सापडलेला हा रोग आजही या देशात आहे. चावऱ्या मोठ्या माश्या तो पसरवितात आणि पावसाळ्यात व त्यानंतर ओलसर, झाडीच्या प्रदेशात त्यांचा सुळसुळाट असतो. अधूनमधून येणारा ताप, पांढुरके पडलेले डोळे, पोटाखाली व पायांवर सूज, आणि भूक बरी असूनही हाडे वर येणे ही त्याची जुनाट रूपातील लक्षणे होत. गोचिडांमार्फत होणारा बॅबेशिया-थायलेरियाचा संसर्गही असाच वर्षानुवर्षे अंगात दबून राहतो व वार्धक्यात किंवा दुसऱ्या आजारात डोके वर काढतो. हे दोन रोग वगळल्याखेरीज घोड्याला ग्रंथिविकाराची दीर्घ व खर्चिक औषधयोजना सुरू करणे शहाणपणाचे नव्हे.

एवढे झाल्यावर मात्र पोषग्रंथीचा विचार करावाच लागतो, कारण पंधरा वर्षांवरील घोड्यांत हा विकार बराच आढळतो. परदेशी पाहण्यांवरून सुमारे पाचांत एक असे त्याचे प्रमाण धरले जाते. त्याला व्यवहारात कुशिंगचा विकार म्हणतात. पण माणसाच्या त्या नावाच्या रोगाहून त्याची घडण वेगळी आहे. घोड्याच्या पोषग्रंथीचा मध्यखंड मेंदूतून येणाऱ्या डोपामीन या द्रव्याच्या अंकुशाखाली असतो. वयोमानाने डोपामीन पुरविणारे मज्जातंतू क्षीण झाले की अंकुश सुटतो, मध्यखंड फुगतो आणि ॲड्रिनल ग्रंथीस चेतविणारे व अन्य स्राव बेसुमार वाहू लागतात. परिणामी स्नायू झिजतात, जखमा भरत नाहीत, जंतांचा प्रतिकार कमी होतो, तहान व लघवी वाढते, आणि अंगावरचे केस लांब, दाट व कुरळे होऊन उन्हाळा आला तरी झडत नाहीत. थंड देशांत हा केसांचा भार निदानास तेवढा उपयोगी पडतो. एप्रिलच्या पुण्यात तो घोड्याला प्रत्यक्ष त्रास देतो. असा घोडा घामाने निथळतो, सावली सोडत नाही, चरणे टाळतो, आणि वजन घटण्यास आणखी एक कारण मिळते. वर्षातून दोन-तीनदा केस कातरून काढणे हा येथे उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

या विकाराच्या रक्तचाचणीविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. ॲड्रिनल-चेतक स्रावाचे प्रमाण शरद ऋतूत निरोगी घोड्यांतही वाढते, म्हणून समशीतोष्ण देशांतील प्रयोगशाळा महिन्यागणिक वेगवेगळ्या मर्यादा देतात. ही वाढ दिवस लहान होण्याशी संबंधित आहे. लंडनला सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत जवळजवळ नऊ तासांचे अंतर असते. पुण्यात ते सुमारे सव्वादोन तासांचे आहे. तेव्हा तिकडच्या ऋतुमर्यादा इकडच्या घोड्यास सरसकट लावणे धोक्याचे होय. चाचणीचा आकडा लक्षणांच्या संगतीत वाचावा, आणि शक्य तर एकाच घोड्याचे वेगवेगळ्या महिन्यांतील आकडे ताडून पाहावेत. आपल्या अक्षांशावरील निरोगी घोड्यांच्या मर्यादा ठरविणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा विषय आहे, असे येथे सुचवावेसे वाटते.

वजनाच्या प्रश्नाला खरा पेच पडतो तो इन्शुलिनमुळे. वरील विकार असलेल्या घोड्यांपैकी काहींच्या, आणि लहान चणीच्या काटक घोड्यांपैकी पुष्कळांच्या, रक्तात चंदी खाल्ल्यावर इन्शुलिनचे प्रमाण अवाजवी वाढते. २००७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत निरोगी तट्टांच्या शिरेतून सतत इन्शुलिन सोडले व रक्तशर्करा मात्र स्थिर राखली, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांच्या खुरांतील पापुद्र्यांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, झाला. यापूर्वी साखरेस दिला जाणारा दोष बराचसा इन्शुलिनकडे वळविणारा हा प्रयोग होता. खूर ज्या पापुद्र्यांनी हाडाला जोडलेले असते तेच सुटू लागले म्हणजे घोड्याचा सर्व देहभार त्या सुटत्या सांध्यावर येतो, आणि हाड खाली झुकते. अशा प्रसंगी घोड्याचे प्राण वाचविणे कठीण जाते. हाडे दिसणाऱ्या घोड्यावर दया करून त्याला गूळ, भिजविलेले हरभरे व मक्याचा भरडा खाऊ घालणारा मालक कित्येकदा याच वाटेवर असतो. हरभऱ्यात पिष्टाचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. कुळथाचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. आपल्या पागांनी शतकानुशतके हीच चंदी वापरली, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो बरोबर आहे. फक्त त्या पागेतील घोडा दिवसाला वीस-तीस कोस चालत असे.

मग उलट टोक गाठून घोड्याला उपाशी ठेवावे काय? तेही नाही. तट्टू जातीच्या लठ्ठ किंवा आजारी घोड्याचे खाणे एकाएकी तोडले असता शरीरातील चरबी भराभर वितळून रक्तात उतरते, रक्तरस दुधाळ होतो, यकृत चरबीने भरते व जनावर काही दिवसांत दगावू शकते. म्हणून वजन उतरवावयाचे झाले तरी शुष्क पदार्थाच्या रूपात देहभाराच्या दीड टक्क्याहून कमी चारा देऊ नये, आणि वजन वाढवावयाचे असल्यास तो दोन ते अडीच टक्क्यांपर्यंत न्यावा. उपरिनिर्दिष्ट २४६ किलोच्या घोड्यास दोन टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ४.९ किलो शुष्क पदार्थ लागेल. वाळलेल्या गवतात दहा-बारा टक्के पाणी धरले तर हे साडेपाच किलो गवत झाले. परंतु जुलै-ऑगस्टमधील कोवळ्या गवतात पाण्याचा अंश ऐंशी टक्के असतो. तेवढाच शुष्क पदार्थ मिळण्यास त्यातून पंचवीस किलो गवत खावे लागेल. तरुण घोडा हे करू शकतो. ज्याच्या दाढा गेल्या आहेत, ज्याचे पाय दुखतात आणि जो पावसात भिजत उभा आहे, त्याला ते साधत नाही. हिरवळीत गुडघाभर उभा असलेला घोडा श्रावणात वाळतो, या कोड्याचे उत्तर बरेचसे या गुणाकारात आहे.

मुळशीच्या वैरणीत गुण व दोष दोन्ही आहेत. उष्ण प्रदेशातील गवते थंड प्रदेशातील गवतांप्रमाणे फ्रुक्टान नावाची शर्करा साठवीत नाहीत, आणि पक्व होऊन वाळलेल्या डोंगरी गवतात एकंदर शर्करा कमीच असते. तेव्हा इन्शुलिनचा विकार असलेल्या घोड्यास हे गवत, कुसळे वगळून, फार चांगले. परदेशी ग्रंथांतील हिरवळीविषयीचे सर्व इशारे येथे शब्दशः लागू पडत नाहीत. मात्र त्यातील प्रथिने तीन-चार टक्क्यांवर उतरलेली असतात, आणि स्नायू झिजलेल्या म्हाताऱ्याला बारा-चौदा टक्के प्रथिनांचा आहार हवा असतो. ही तूट सोयाबीनच्या पेंडीने भरून काढणे सर्वांत सोपे. भुईमुगाची पेंड स्वस्त असते. पण दमट हवेत तिच्यावर चढणारी बुरशी यकृतास घातक आहे, म्हणून मुळशीत ती टाळलेली बरी.

भाताचा पेंढा आणि कोंडा यांविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण मुळशी हा भाताचा तालुका आणि हे दोन पदार्थ दारातच मिळतात. पेंढ्यात सिलिका फार, पचनीय अंश थोडा. दळण्यास असमर्थ अशा घोड्याच्या आतड्यात तो अडकून शूळ उठण्याचा धोका असतो. बिछान्यासाठी तो ठीक, पण भुकेला घोडा बिछानाही खातो. कोंड्याचा दोष याहून सूक्ष्म आहे. त्यात तेल असते, घोडा तो आवडीने खातो व अंगही धरतो. त्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो. परंतु एक किलो कोंड्यात फॉस्फरस सुमारे १५ ग्रॅम तर कॅल्शियम जेमतेम १ ग्रॅम असते. समजा, वरील घोडा साडेचार किलो गवतातून १३ ग्रॅम कॅल्शियम व ७ ग्रॅम फॉस्फरस मिळवितो. त्यात किलोभर कोंडा पडला की बेरीज १४ विरुद्ध २२ अशी उलटी होते. रक्तातील कॅल्शियम राखण्यासाठी शरीर मग ते हाडांतून उपसते. जबडा व चेहऱ्याची हाडे सुजून मऊ होतात, दाढा ढिल्या पडतात, घोडा जागा बदलून लंगडतो. पिठाच्या गिरणीवरच्या घोड्यांत हा रोग पूर्वी इतका आढळे की त्यास गिरणीवाल्याचा रोग असेच नाव पडले होते. गजराजासारख्या संकरित गवतातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते व हाच परिणाम घडवून आणते; गाई-म्हशींच्या पोटातील जंतू ते मोडतात, घोड्याला ती सोय नाही. गायीला मानवले म्हणून घोड्याला मानवेल, ही समजूत येथे घात करते. कोंडा द्यावयाचाच असेल तर किलोमागे सुमारे ५० ग्रॅम खाण्यायोग्य चुनखडीची भुकटी मिसळावी; तिने प्रमाण दीडास एकाच्या जवळ येते. कोंडा थोडा ठेवून उष्मांक तेलातून देणे हा मला अधिक बरा मार्ग वाटतो. शंभर मिलिलिटर करडईच्या किंवा सोयाबीनच्या तेलात आठशेहून अधिक उष्मांक असतात, आणि इन्शुलिन न वाढविता ते मिळतात. चमचाभरापासून आरंभ करून दोन-तीन आठवड्यांत मात्रा वाढवावी. दाढा नसलेल्यासाठी गवताची बारीक कुट्टी व सोयाबीनची टरफले तासभर भिजवून त्याची लापशी करावी. कोरडा भरडा त्याच्या अन्ननलिकेत अडकतो. उन्हाळ्यात ही लापशी दोन-तीन तासांत आंबते, म्हणून ती लागेल तेवढीच भिजवावी व दिवसातून चार-पाच वेळा द्यावी.

लसूणघास हा कॅल्शियमचा व प्रथिनांचा उत्तम साठा असल्याने कोंड्याचा दोष तो बराचसा झाकतो. पण मूत्रपिंडे बिघडलेल्या घोड्यास तो वर्ज्य होय. घोडा अन्नातील जादा कॅल्शियम मूत्रावाटे टाकतो; मूत्रपिंडे थकली की ते रक्तात साचते. म्हणजे एका वृद्ध घोड्याचे औषध ते दुसऱ्याचे विष. यासाठी आहार ठरविण्यापूर्वी रक्तातील युरिया, क्रिएटिनीन व कॅल्शियम पाहून घेणे हा खर्च वायफळ नाही. प्रतिविषासाठी वापरलेल्या घोड्यांच्या बाबतीत यकृताचीही तपासणी हवी. वर्षानुवर्षे टोचलेल्या विषांना व जंतुविषांना प्रतिसाद देताना त्यांच्या यकृतात व प्लीहेत अमिलॉइड नावाचे प्रथिन साचते. यकृत मोठे व ठिसूळ होऊन कधी कधी फुटतेही. असा घोडा निवृत्तीनंतर वाळू लागला तर त्यास चंदी अधिक न घालता थोडे थोडे, सहज पचणारे खाणे द्यावे लागते, आणि त्याच्या आयुष्याविषयी मालकास खरे ते सांगावे लागते.

हवेविषयी थोडे. पुण्यास वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पन्नास-साठ किलोमीटरवर ताम्हिणीच्या बाजूस तो कित्येक हजार मिलिमीटर पडतो. या ओलाव्यात खूर कुजतात, पाठीवर पावसाच्या खवल्या उठतात आणि साठविलेल्या वैरणीस बुरशी लागते. बुरशीची धूळ म्हाताऱ्या घोड्याचा दमा चाळविते, आणि दम्याचा घोडा श्वासोच्छ्वासातच बरीच शक्ती खर्च करतो. गवत किंचित ओले करून देणे व तबेल्याच्या भिंती वरच्या बाजूने उघड्या ठेवणे, एवढ्याने दमा पुष्कळ आवरतो. या बाबतीत धनगरांचा प्रघात विचार करण्याजोगा आहे. बारामती-पुरंदरकडील धनगर दिवाळीनंतर मेंढरे व घोडी घेऊन घाटांनी कोकणात उतरतात आणि मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी पुन्हा देशावरच्या कोरड्या माळांवर परततात. सह्याद्रीचा पावसाळा ते आपल्या जनावरांस दाखवीत नाहीत. आम्ही नव्याने तेथे वसविलेले म्हातारे घोडे मात्र नेमके तेच चार महिने तेथे काढतात. ज्याला शक्य असेल त्याने दुर्बल घोडा जूनपासून सप्टेंबरपर्यंत तालुक्याच्या पूर्वेकडे, कमी पावसाच्या गावात हलवावा; ते शक्य नसेल तर निदान कोरडी, उंच व मुरुमाची उभी राहण्याची जागा आणि मेमध्येच भरून ठेवलेले कोरडे गवत यांची तजवीज करावी.

औषधांत पोषग्रंथीच्या विकारावर पर्गोलाइड हे मुख्य होय. डोपामीनचे काम करून ते मध्यखंडाला आवरते. मूळचे हे माणसाच्या कंपवाताचे औषध. हृदयाच्या झडपांस अपाय होतो असे दिसल्यावरून अमेरिकेत २००७ साली ते माणसांसाठी बंद झाले आणि २०११ मध्ये घोड्यांसाठी रीतसर मान्य झाले. किलोमागे २ मायक्रोग्रॅम ही आरंभीची दैनिक मात्रा, म्हणजे वरील घोड्यास अर्धा मिलिग्रॅम. पहिल्या काही दिवसांत भूक मंदावते, आणि वाळलेल्या घोड्यात तीच गोष्ट मालकाला घाबरविते. मात्रा तात्पुरती निम्मी करून पुन्हा वाढविल्यास बहुधा निभते. औषध आयुष्यभर द्यावे लागते. त्याने केस झडतात, स्नायू काही अंशी परततात. इन्शुलिनचा दोष मात्र त्याने हटेलच असे नाही, म्हणून आहाराचे पथ्य सुटत नाही.

सांधेदुखीवरील वेदनाशामके दीर्घकाळ दिली असता जठरात व्रण होतात व मूत्रपिंडांवर ताण येतो. लंगडणे कमी झाले तरी भूक गेली, तर त्या सौद्यात घोड्याचे नुकसानच होते. त्यांची निवड करताना आणखी एक विचार आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांची प्रेते खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक ठरले आहे.

कधी तरी असा दिवस येतो की टेपचे माप सलग तीन-चार वेळा खाली जाते, घोडा आडवा पडला की उठत नाही, किंवा खुराचे हाड तळव्यापर्यंत झुकते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० यानुसार जनावरास उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा अपराध आहे; असाध्य यातनांत असलेल्या जनावरास वेदनारहित मरण देण्याची वाट मात्र त्याच कायद्याने ठेवलेली आहे. निर्णय पशुवैद्याच्या सल्ल्याने व शक्यतो पावसाळ्यापूर्वी घ्यावा. भर जुलैत, चिखलात अडकलेल्या घोड्यापर्यंत पशुवैद्य पोहोचण्यासच पुष्कळदा दिवस जातो. मरणासाठी वापरलेली भूलद्रव्ये प्रेतात टिकून राहतात व ते खाणाऱ्या कुत्र्यांस, कोल्ह्यांस व गिधाडांस मारतात. यास्तव प्रेत रानात न टाकता ओढा, विहीर व धरणाच्या पाण्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावे. आणि मुळशीत बऱ्याच ठिकाणी दोन हातांवर कातळ लागत असल्याने ती जागा आधीच पाहून ठेवावी.